टाका

चंद्रपूरच्या आमच्या फार्मसी कॉलेजात माझी प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, अगदी जिन्याच्या टोकाला. तिथे सहसा कोणी फिरकत नाही, आणि घरीही माझी वाट पाहणारं कोणी नाही. पुण्याकडून इथे येऊन बरीच वर्षं झाली, तरी माझं बोलणं इथे अजून परकंच वाटतं. दिवसभरात माझ्याशी मनापासून बोलणारं माणूस एकच होतं, झाडलोट करणाऱ्या बाई.

ऑपरेशननंतर जखमेला टाका घालतात त्या रेशमी धाग्यावर मी ऐनाच्या झाडाच्या सालीच्या अर्काचा लेप देते. धागा बुडवायचा, वाळवायचा, पुन्हा बुडवायचा. जंतू धाग्यापाशीच अडावेत आणि जखम लवकर भरावी, यासाठी ही सगळी खटपट. बाईंना ती माझ्या वरिष्ठांच्या आधी कळली. "आमच्या गावात साल उगाळून लावतेत," त्या म्हणाल्या. "तुमी दोऱ्याले लावून राह्यल्या, येवढंच."

बाईंना वाचता येत नव्हतं. चहाच्या वेळी मी त्यांना अक्षरं शिकवू लागले आणि त्यांच्यासाठी म्हणून सगळी लेबलं मराठीत केली. हातात फडकं धरून त्या एकेक वाचत जायच्या. मीठ. पाणी. साल. 'स्पिरिट'पाशी हटकून अडखळायच्या, मग आम्ही दोघी हसायचो. त्या अर्ध्या तासासाठी मी सकाळपासून घड्याळ बघायची, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या वर्षीची साल भामरागडकडच्या जंगलातून एका ओळखीच्या भाऊंनी आणून दिली होती. सगळी एकाच झाडाची, कारण झाड बदललं की आधीचे निकाल जुळत नाहीत. महिनाभर खपून मी धागे तयार केले. आता फक्त जंतूंवरची चाचणी उरली होती. शनिवारी ते धागे ट्रेमध्ये वाळत ठेवले, कागदावर 'टाका' असं लिहून वर चिकटवलं आणि घरी गेले.

सोमवारी ट्रे धुऊन लख्ख करून ठेवलेला होता.

"बाई, धागे कुठे आहेत?"

"टाकले नं! तुमीच त लिवलं होतं, टाका म्हून." त्यांचा चेहरा खुलला होता. "मी सोताच वाचलं. कोणालेच इचारलं नाई."

माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "वाचता येत नाही तर हात कशाला लावता?" दारापाशी दोन विद्यार्थिनी उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं.

बाई हळूच म्हणाल्या, "बाकी सारे मले टाक म्हंतेत, मॅडम. टाका त तुमीच म्हंता. म्हून वाटलं, माह्यासाठीच लिवलं."

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. "काई नाई, मॅडम," म्हणून त्यांनी झाडू उचलला. त्यानंतरही त्या रोज येत, पण चहाला थांबत नसत. रिकामी बाटली दिसली तरी विचारायच्या, "हे ठेवू का?" त्या पावसाळ्यात भामरागडचा रस्ता वरचेवर बंद पडत होता, त्यामुळे साल मिळायची आशा नव्हती. माझ्या हाताला काम नव्हतं, आणि बोलायला माणूस. धाग्यांचं दुःख पंधरा दिवसांत ओसरलं. चहाचे दोन कप मात्र मी सवयीने धुऊन ठेवत राहिले.

दिवाळीनंतर भाऊंनी त्याच झाडाची साल पाठवली. मी पुन्हा धागे केले, ट्रेमध्ये ठेवले आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत 'टाकू नका' असं लिहिलं. दोन कप चहा ओतला आणि बाईंना हाक मारली.

"बाई, हे वाचा बरं."

त्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, टा, कू, न, का, आवाज न करता, अगदी बरोबर.

"मले वाचता येत नाई, मॅडम," त्या म्हणाल्या, आणि ट्रेला धक्का न लावता त्याच्या भोवतालचं टेबल पुसू लागल्या.