मधलं अक्षर

आमच्या दरीत बाईचं नाव तीन अक्षरांत मावतं. पहिलं तिचं स्वतःचं, मधलं बापाचं आणि शेवटचं डी. म्हणजे दोत्तर, अमक्याची मुलगी. सरकारने आडनावांचा कायदा केल्याला आता आठ वर्षं झाली आणि कागदोपत्री सगळे आपापल्या शेताचं नाव लावतात. पण लग्नाच्या डब्याच्या झाकणावर कोरायच्या अक्षरांना तो कायदा लागू नाही. लग्नात नवरी आईच्या घरचं लोणी आणि लेफ्सेच्या पातळ पोळ्या घालून जो लाकडी डबा सासरी नेते, त्याला आम्ही तीने म्हणतो. तो सासरच्या टेबलावर आला की पाहुणे आधी झाकण वाचतात आणि मग नवरीच्या तोंडाकडे बघतात.

हे डबे करणारा गुनलाइक माझा धाकटा भाऊ. मी नवरा गेल्यावर माहेरी परत आले, तेव्हापासून त्याचं घर सांभाळते. पन्नाशीला आलेला, बिनलग्नाचा, बोलण्यात महाकंजूष. सकाळी कॉफीच्या वेळी मी दहा गोष्टी सांगाव्यात आणि त्याने "हं" करावं, असा आमचा संसार. लोक म्हणतात, गुनलाइकचा हात सोन्याचा आहे. असेल. तोंड मात्र मेणाचं, उन्हाळ्याशिवाय उघडत नाही.

त्या शरद ऋतूत नदीच्या पलीकडच्या काठावरच्या इंगेरिडची मुलगी हेगे कामशाळेत आली आणि दारातूनच म्हणाली, "काका, तल्लेफशी माझं ठरलं. डबा तुम्ही करायचा."

गुनलाइकने रंधा खाली ठेवला. "कधी?"

"नाताळाच्या आधी." मग ती पायाने भुसा उकरत राहिली. "सासूबाई म्हणतात, नुसतं एच घाला आणि लग्नाचं साल घाला. उगाच चर्चा नको."

चर्चा कशाची, ते मला सांगायला नको होतं. हेगेला मधलं अक्षर नव्हतं. नदीतून ओंडके वाहून नेणारा कोणी परका एका वसंतात आला आणि पुराबरोबर निघून गेला. इंगेरिडने त्याचं नाव पाद्रीबाबांसमोरसुद्धा घेतलं नाही. बावीस वर्षं तिने एकटीने दोन गायी, एक डोंगरउतार आणि ही पोर सांभाळली. आता साऱ्या पाहुण्यांसमोर त्या पोरीचं एकच अक्षर टेबलावर यायचं, म्हणजे जे सगळे कुजबुजतात ते लाकडात कोरून दाखवायचं.

"बघतो," गुनलाइक म्हणाला. त्याच्या मानाने ते भाषणच झालं.

त्याने पाइनची सरळ रेषांची पट्टी निवडली, टोकं कागदासारखी पातळ तासली आणि लांब हौदात उकळत ठेवली. लाकूड वाकवताना मला पट्टीचं दुसरं टोक धरावं लागतं. बाहेर काढल्यावर ते निवायच्या आत साच्याभोवती फिरवायचं असतं, थांबून विचार करायला वेळ नसतो. एवढा सावकाश माणूस, पण त्या घटकेला असा चपळ होतो की मला तो ओळखू येत नाही. पट्टी वाळली, तशी त्याने बर्चच्या चिरलेल्या मुळांनी ती शिवली, तळ बसवला, दोन्ही बाजूंना उभ्या खुंट्या केल्या. झाकण त्या खुंट्यांमध्ये खटकन अडकतं. अंगठ्याने एक बाहेर रेटली की सुटतं. मग झाकणावर वेली कोरल्या, मधोमध एच कोरला, डी कोरला, आणि दोघांमध्ये अंगठ्याएवढी जागा कोरी ठेवून झाकण फळीवर ठेवून दिलं.

आठ दिवस ते तिथेच. मी शेवटी चिडले. "अरे, दात पडल्यासारखं दिसतंय ते! आईचा आय घाल ना मध्ये, इंगेरिडचा."

"आईचं नाव घातलं तर तेच होतं, ताई. बाप नाही असंच वाचतात."

"मग काय ठेवणार आहेस तिथे? बटण?"

"हं," तो म्हणाला.

हेगे झाकण बघायला आली आणि बराच वेळ त्या कोऱ्या जागेवर बोट फिरवत राहिली. मग तिने सरळ विचारलं, "काका, तुमचं अक्षर घाला ना."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली.

"ते खोटं होईल, पोरी."

"खोटं कसं? मला स्की कोणी करून दिल्या? अक्षरं कोणी शिकवली, या इथे भुशात बोटाने? मोठी झाल्यावर पाद्रीबाबांसमोर धर्माची शपथ घेतली, त्या दृढीकरणाच्या दिवशी चर्चमध्ये आईच्या बाजूला कोण बसलं होतं? त्या परक्याने माझं काय केलंय? त्याचं अक्षर मला माहीतसुद्धा नाही."

गुनलाइकने परत रंधा हातात घेतला. त्याचे कान लाल झाले होते. "आईला विचार," एवढंच म्हणाला.

तिने विचारलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी इंगेरिड आली. बावीस वर्षांत तिने आमच्या कामशाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता. त्याचं कारणही सांगते. हेगेच्या जन्माआधीच्या उन्हाळ्यात गुनलाइकने इंगेरिडसाठी एक डबा केला होता, तिची तिन्ही अक्षरं घालून, आणि स्वतः तिच्या दारात नेऊन दिला होता. आमच्याकडे मुलीने डब्यात काही घालून परत केला तर होकार, रिकामा परत केला तर नकार. तिचा रिकामा आला. माझा भाऊ त्यावर एक शब्द बोलला नाही, आणि मी मात्र तिला पुष्कळ वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या.

"गुनलाइक, तुला वेड लागलंय का?" ती आत येताच म्हणाली. तोंडावर थंडीची लाली होती, की रागाची, कोण जाणे. "जी कोरलास की काय होईल ठाऊक आहे? म्हणतील, पोर याचीच, आणि हा बावीस वर्षं पलीकडच्या काठावर मजेत डबे करत बसला. तुझं नाव मातीत जाईल."

"जाऊ दे."

"तेव्हाही तू असाच 'जाऊ दे' म्हणाला असतास, म्हणून तर डबा रिकामा पाठवला! मला दिवस गेले होते. दुसऱ्याचं मूल तुझ्या गळ्यात बांधून लोकांना तुला हसू द्यायचं होतं का मी?"

मी बाहेर जायला हवं होतं. पण खरं सांगते, मला कोणी ओढूनही नेलं नसतं.

"ते तू ठरवलंस," गुनलाइक हळूच म्हणाला. "मला विचारलं नाहीस. मला सगळं आवडलं असतं, इंगेरिड. हसले असते तरी."

इंगेरिडने हातमोजे काढले, परत घातले, परत काढले. "मग आता विचारते," ती म्हणाली. "घालतोस?"

त्याने सुरी उचलली. जी हे अवघड अक्षर, वळणात रेष निसटते. ती समोर उभी राहून बघत होती आणि त्याचा हात जराही हलला नाही. मी बावीस वर्षांच्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या, पण त्या परत घेताही येत नाहीत नीट.

लग्नाच्या दिवशी बर्फ घट्ट होता, सगळे घसरगाड्यांवरून आले. तल्लेफच्या घरी टेबलावर हेगेचा डबा ठेवला गेला. नवऱ्यामुलाची आई गुरो पुढे झाली. वाईट बाई नाही, पण तिचा आवाज डोंगरापलीकडे जातो. तिने वाकून मोठ्याने वाचलं, "एच. जी. डी." मग मान वर केली. दाराजवळ टोपी हातात धरून उभ्या असलेल्या माझ्या भावाकडे साऱ्या खोलीने वळून पाहिलं.

"अस्सं!" गुरो म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं तू, गुनलाइक, या बाईला एकटीला..."

"त्याला काही बोलू नकोस," इंगेरिड बाकावरून उठली. "तो आला होता माझ्या दारात, डबा घेऊन. नाही म्हणणारी मी. आणि अक्षर बरोबर आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. गुरोने तिच्याकडे पाहिलं, हेगेकडे पाहिलं. नवरीचं तोंड पांढरं पडलं होतं, पण मान ताठ होती. गुरोने अंगठ्याने खुंटी रेटली, झाकण काढलं, एक लेफ्से उचलून तोंडात घातली आणि चावता चावता म्हणाली, "मग मुलीच्या बापाने दारात कशाला उभं राहायचं? बस तिकडे, आईच्या शेजारी. आणि आत्याबाई, तुम्हीही या की पुढे."

आत्याबाई म्हणजे मी, हे कळायला मला एक क्षण लागला. मग मी गुनलाइकला पाठीत ढकललं.

तो बसला खरा, पण आमच्याकडे जेवणाआधी नवरीच्या बापाने उठून दोन शब्द बोलायचे असतात, हे माझ्याही ध्यानात नव्हतं आणि त्याच्याही. सगळे थांबले. गुनलाइकचं तोंड उतरलं. मला वाटलं, आता हा "हं" म्हणणार आणि आमची शोभा होणार. इंगेरिडने त्याच्याकडे न बघता त्याचं कोपर हलकेच वर ढकललं.

तो उभा राहिला. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"हिचा डावा कान," तो म्हणाला आणि थांबला. "थंडीत दुखतो. लहानपणापासून. ती सांगणार नाही. तिला खिडकीकडच्या बाजूला झोपवू नका."

एवढं बोलून तो खाली बसला. खोलीत कोणी हसलं नाही. हेगेने तोंडावर हात धरला होता, आणि तल्लेफने मान हलवून, सकाळी चर्चमध्ये पाद्रीबाबांना दिलं होतं तसंच गंभीरपणे, उत्तर दिलं, "नाही झोपवणार."