पाव फेरा

आमच्या संग्रहालयाच्या उघड्या मैदानात जागोजागी पाट्या आहेत : ‘यंत्रांना हात लावू नये.’ तो नियम पाळला जावा म्हणून नेमलेले राखणदार म्हणजे सिद्रामप्पा. आणि पाटीला पाठ टेकून तेच येणाऱ्याला सांगायचे, “लावा की हात! हात लावल्याबिगर कसं कळंल?”

मी तिथल्या तिकीट खिडकीवर. जुळे सोलापूरहून वेळेत यायचं, नियमात वागायचं, हा माझा खाक्या. अप्पांची हयात अक्कलकोटकडच्या विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेली. मैदानातल्या हातमागांशी, उसाच्या चरकाशी ते मराठीत बोलत, एका जुन्या इंजिनाशी मात्र कानडीत. मी हसले तर म्हणाले, “आमच्याकडचं हाय ते. त्येला मराठी कुटं येतंय?”

रोज सकाळी टोपी काढून ठेवायची आणि त्या इंजिनाच्या जड चाकाला पाव फेरा द्यायचा, हा त्यांचा नेम. “बसून ऱ्हायलं की आतनं धरतंय, बाई. मग कुणाच्या बापाला हलत न्हाय.”

एकदा एका मुलीचा फ्रॉक तेलानं काळा झाला आणि तिची आई माझ्याशी कडाकडा भांडली. मी तणतणत अप्पांविरुद्ध वर तक्रार लिहिली. त्यांना समज मिळेल, एवढंच मनात होतं. हुकूम आला तो भलताच : सगळी चाकं वेल्डिंग करून कायमची पक्की करा.

त्या दुपारी अप्पांनी भाकरीचं फडकं सोडलंच नाही. मला राहवेना. म्हटलं, “अप्पा, तक्रार मी केली होती.” ते रागावले असते तर बरं झालं असतं. “बरं केलंत की,” ते म्हणाले. “त्या निमित्तानं साहेब तरी येतील इंजिन बघाय. आजवर कोण आलंय?”

साहेब आले, मागोमाग वेल्डर. अप्पांनी हात जोडले. “एकडाव चालू करून बघतो, साहेब. न्हाय झालं तर डागा खुशाल.” डिझेल घातलं, पाणी घातलं. हँडल दोनदा मारलं, इंजिन नुसतं सुस्कारलं. अप्पांना धाप लागली. मी पर्स खाली टाकली आणि त्यांच्याबरोबर हँडल धरलं. “बिडबेडा!” ते ओरडले. “सोडू नका, बाई!” काळा धूर निघाला आणि टुक, टुक, टुक करत इंजिन सुरू झालं. अप्पा रडत होते. साहेबांनी हातानंच वेल्डरला थांबवलं. म्हणाले, “याला साखळी-कुलूप लावा. पुरे.”

किल्ली माझ्याकडे आली, कारण मी नियमवाली. रोज सकाळी मी कुलूप काढायचं आणि अप्पांनी पाव फेरा द्यायचा, असं ठरून गेलं.

गेल्या थंडीत अप्पा अंथरुणाला खिळले आणि फेऱ्याचं काम माझ्यावर आलं. भवानी पेठेतल्या त्यांच्या घरी भेटायला गेले, तर मी बसायच्या आतच त्यांनी विचारलं, “आज फिरवलं का?”

“हो,” मी म्हटलं. खोटं होतं. कामाच्या गडबडीत राहून गेलं होतं. त्यांनी समाधानानं डोळे मिटले आणि मला तिथं बसवेना. घरी न जाता स्कूटर संग्रहालयाकडे वळवली, कुलूप काढलं, दोन्ही हातांनी चाक ओढलं. पाव फेरा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा गेले. माझं बोलणं त्यांच्या हयातीतच खरं झालं होतं, एवढाच मला आधार.

आता खिडकी उघडण्याआधी रोज इंजिनाकडे जाते. कानडी मला येत नाही. एकच शब्द येतो, तेवढा त्याला सांगते, “बिडबेडा.”