रविवारी सकाळी फुकट बांबू

चहाचा कप जरा खाली ठेवा, न्हाईतर ठसका लागेल. अंगणात बांबू लावून माणसाची फजिती कुठवर जाऊ शकते, ते तुम्हाला सांगून राह्यलो. आमच्या गल्लीत अजून माझ्यासमोर कोणी ‘बांबू’ म्हणलं की बाकीचे भिंतीकडं तोंड करून हसतात. हसू द्या. तुम्ही मात्र पुरतं ऐका, मंग हसा.

माझं जालन्यात औषधाचं दुकान आहे. दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या बघून डोळे शिणतात, म्हणून घरी डोळ्यांसमोर काहीतरी हिरवं पाहिजे असं लई दिवस मनात होतं. अशात घनसावंगीला एका लग्नाला गेल्तो. तिथं मंगल कार्यालयाच्या दाराशी शोभेचा पिवळा बांबू. अहो काय त्याचा रंग, काय ती सळसळ! नवरी कशी होती ते मला आज बी सांगता येणार न्हाई. आठवड्याच्या आत नर्सरीतून कोंब आणले आणि सलीमभाईच्या भिंतीला लागून लावले.

सलीमभाई आमचे शेजारी. वेल्डिंगचं दुकान, हात सोन्याचा, आणि ईदचा शीरखुर्मा आमच्या घरी पोचल्याबिगर ते स्वतः चमचा लावत न्हाईत, असा घरोबा.

पहिलं वर्ष बांबू शहाण्यासारखा राहिला. दुसऱ्या वर्षी सुटला. मुळं जमिनीखालून आडवी पळायला लागली. एक कोंब पायरीची फरशी उचलून वर आला, एक तुळशीमागून निघाला, आणि एक तर थेट भिंतीखालून पलीकडं गेला.

सलीमभाई आले. “भाईसाब, तुमचा बांबू आमच्या न्हाणीत उगला ना. नसरीन नहाने जाती, तो सामने खडा रहता.”

“उद्या बंदोबस्त करतो, सलीमभाई.”

“दो महिने से तुमचा उद्याच चल रहा.” एवढं बोलून गेले, आणि मंग बोलणंच बंद केलं.

इकडं आमची मंदा, म्हणजे बायको, तिनं तर हुकूमच काढला. “रविवारी दुपारपर्यंत ह्या अवदसेचा निकाल लावा. न्हाई लावला तर मी दादाला जेसीबी घेऊन बोलावते.”

दादा म्हणजे माझा मेव्हणा भगवानराव, पिंपळगाव रेणुकाईचा. जेसीबी त्याच्या मालकीचा. त्याचं यंत्र एकदा अंगणात शिरलं की बांबू तर जाईलच, पायरी बी शिल्लक राहायची न्हाई. पोटच्या पोरावानी वाढवलेला बांबू, त्याला असा उपटू देऊ?

मंग मी कंबर कसली. मोबाईलवर बघून शिकलो की बांबू अडवायचा तर मूळ बेटाभवती चर खणायचा आणि त्यात पत्रा उभा पुरायचा, म्हणजे मुळं बाहेर पळत न्हाईत. शनिवारी दिवसभर खपून पत्र्याचं कडं बसवलं. आता सवाल राहिला कड्याबाहेरच्या कोंबांचा. ते मुळासकट काढले, पण टाकायचे कसे? जीव होईना. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: ‘शोभेचा पिवळा बांबू. रविवारी सकाळी घरी येऊन घेऊन जावा. फुकट.’

उत्तर एकच आलं, समोरच्या देशमुख काकांचा अंगठा. पण काका सगळ्यालाच अंगठा देतात, लाइट जाणार असली तरी.

रविवारी मंदा सकाळीच दळण घेऊन गिरणीवर गेली. रविवारी तिथं दुपारपर्यंत नंबर लागत न्हाई. मी कामाला लागलो. बेटातले दोन लांबलचक जुने बांबू तोडले, बारक्यांचे तुकडे केले, आणि मंदाला जरा खूश करावं म्हणून तिच्या दोडक्याच्या वेलासाठी शिडी बांधली. दोन लांब बांबू, मधी आडव्या काड्या, सुतळीच्या गाठी. शिडी ठेवली फाटकासमोर. तिच्यावर कडबा टाकून ठेवला, मागाहून कोंबांच्या मुळांना झाकायला.

कुंड्या म्हणून कुंभाराकडून मडकी आणल्ती. पाणी तुंबू नये म्हणून त्यांना खिळ्यानं भोकं पाडून राह्यलो. बेट हलवल्यामुळं डासांचा थवा उठला, म्हणून दाराशी दोन गोवऱ्या पेटवल्या. आणि बांबूची ती बारीक कुसं, तुम्हाला ठाव असेल. अंगभर खाज, डोळे लालभडक, घळाघळा पाणी. शेवटी नळाखाली बसून भडाभडा अंघोळ केली, ओल्या अंगानं पांढरा पंचा गुंडाळला आणि परत मडक्यापाशी येऊन बसलो.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, चार दिवसांसाठी टेंभुर्णीहून आल्ते. कानानं कमी ऐकू येतं. न्याहारी करून ओसरीवरच्या खाटेवर आडवे झाले, आणि माशा बसतात म्हणून पांढरी चादर पायापासून डोक्यापर्यंत ओढून घेतली.

आता एक करा. रस्त्यावर उभं राहून माझं अंगण बघा. कळलं ना? तुम्हाला कळलं, अख्ख्या गल्लीला कळलं. मला एकट्याला न्हाई कळलं. मला फक्त बांबू दिसून राह्यला.

पहिले आले देशमुख काका. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. माझं काळीज सुपाएवढं झालं. आलं, पहिलं गिऱ्हाईक आलं!

“लई त्रास होता का रे?” काकांनी हळूच विचारलं.

“दोन वर्षं काका. आधी एका जागी होता, मंग आवरेचना. कधी पायरीत, कधी सलीमभाईच्या न्हाणीत. मंदा पार टेकीला आल्ती.”

काकांनी डोळे मिटून मान हलवली. “शेवटी सगळेच सुटले म्हणायचे.”

“सुटलो काका. हे घ्या.” मी उत्साहानं रिकामं मडकं त्यांच्या हातात दिलं, कोंब मागाहून लावून देणार होतो.

काका दचकले. “मी धरू? मडकं तर मुलानं धरायचं असतं.”

“कोणी बी धरा हो, पंधरा-वीस आहेत.”

काकांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू दुःखानं याचं डोकं फिरलंय. त्यांनी मडकं छातीशी धरलं, बाजूला गेले आणि फोन लावायला लागले. मी मनात म्हणलं, बघा, मित्रांना बोलावून राह्यले. गुणी माणूस.

मंग तर रीघ लागली. टोप्या, टॉवेल, रुमाल. बाया पदर घेऊन भिंतीपाशी बसल्या. कोणी बोलेना, कोणी भाव विचारेना, मी देईन ते मडकं मुकाट्यानं घेऊन उभे. फुकटच्या मालाला एवढी शिस्त मी जालन्यात पहिल्यांदा पाहिली. आता मंदा येऊ दे, म्हणलं. एक कोंब शिल्लक राहायचा न्हाई, जेसीबीचा प्रश्नच मिटला!

तेवढ्यात सलीमभाई आले. मागं नसरीन भाभी, हातात खिचडीचं मोठं पातेलं. भाभी डोळे पुसत म्हणाल्या, “आज घर में चूल्हा नहीं जलेगा ना, भाईसाब.” मी म्हणलं, मंदा गिरणीवर अडकलीय हे ह्यांना कसं काय कळलं?

सलीमभाईंनी मला घट्ट मिठी मारली. बोलणं बंद केलेला माणूस! “बांबू-बिंबू सब अपनी जगह, भाईसाब. जितना आना है आने दो हमारी तरफ. तुम बस सब्र करो.”

आता सांगा, माझं काय झालं असेल? मी आनंदानं त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडलो. मला रडताना पाहून बाया रडायला लागल्या. देशमुख काका मडक्यासकट रडले. माझ्या बांबूवर लोकांचा एवढा जीव आहे हे मला ठावच नव्हतं.

आणि फाटकापाशी जीप थांबली. आतून दहा-बारा माणसं उतरली, सगळ्यांत पुढं मेव्हणा भगवानराव. मी म्हणलं, मेलो. मंदानं दुपारची वाट बी पाहिली न्हाई. मी पळत गेलो आणि बांबूच्या बेटापुढं, म्हणजे ओसरीच्या तोंडाशीच, दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

“भगवानराव, हात लावायचा न्हाई. मी नेऊ देणार न्हाई.”

“दाजी, असं करून कसं चालंल?” त्याचा आवाज भरून आल्ता. “किती बी जीव असला तरी घरात ठिवून भागतं का?”

“मी आवर घातलाय त्याला. पत्र्यात बसवलाय.”

“पत्र्यात?” भगवानराव दोन पावलं मागं सरला. मंग त्यानं मला बाजूला ढकललं, धावत ओसरीवर चढला आणि खाटेवरच्या पायांना मिठी मारून मोठ्यानं हंबरडा फोडला. “आबाऽऽ! आमाला सोडून कसे गेले हो!”

चादर हलली.

“कोन हाय रं? पाय कशाला वढतो?” आबा उठून बसले.

पुढचं काय सांगू? पाच-सहा मडकी एकदमच फुटली. बाया किंचाळत रस्त्यावर. भगवानराव पायरीवर खाली बसला तो बसलाच. आबांनी डोळे किलकिले करून गर्दी पाहिली आणि विचारलं, “लगीन हाय का कोनाचं?”

मी वळून पाहिलं. ती शिडी, तो कडबा, त्या गोवऱ्या, हातात भोकाचं मडकं, अंगावर पंचा. आत्ता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्याला मी दोडक्याची शिडी म्हणून राह्यलो, ती अख्ख्या गल्लीसाठी तिरडी होती. जित्या बापाची तिरडी, पोरानं दारात बसून, मन लावून बांधलेली.

तेवढ्यात मंदा पिठाचा डबा घेऊन आली. तिला देशमुख काकांनी सगळं सांगितलं. ती माझ्याकडं बघून राह्यली, मी जमिनीकडं.

लोक असे भडकले म्हणता! कोणी दुकान बंद करून आल्तं, कोणी उपाशी. उरलेली मडकी एकेक करून माझ्यापुढं आपटली. सलीमभाई म्हणाले, “वो बांबू आने दो बोला था ना मैं? वापस लेता.” भगवानरावाला काकांनीच फोन केल्ता. पिंपळगावहून सगळी भावकी गोळा करून आणल्ती त्यानं. त्यानं फोन काढला. “डायव्हर, जेसीबी जालन्याला आन. आज, आत्ता. बेट मुळासकट काढायचं हाय.”

झालं. ज्याच्यासाठी एवढं केलं, तोच बांबू चालला. मी पत्र्याच्या कड्यापाशी मटकन बसलो. खोटं कशाला सांगू, ह्या वेळेला खरंच रडलो.

आबांच्या कानाशी तोंड नेऊन मंदानं सगळा प्रकार ओरडून सांगितला. आबा खाटेवरून उतरले. शिडीपाशी गेले, पायानं दाबून पाहिली, सुतळीच्या गाठी ओढून पाहिल्या.

“बांधली बराबर हाय,” म्हणाले. मंग सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली, आणि गडी असा खुलला की बस. “हे समदे माझ्यासाठी आल्ते?”

“हो आबा.”

“जीप करून?”

“हो.”

“मंग जेसीबी कशाला? भगवान, फोन ठिव. असा बांबू आता गावाकडं बी मिळत न्हाई. ह्या बेटाला कोनी हात लावायचा न्हाई. माझ्या येळेला लागंल.”

भगवानरावानं फोन खिशात टाकला. मंदानं पदर डोक्यावर घेतला. सलीमभाई म्हणाले, “चाचा बोले तो खतम,” आणि स्वतः जाऊन माझ्या पत्र्याच्या कड्याला वेल्डिंगचे पक्के टाके मारून आले. मंग सगळ्यांनी अंगणात बसून भाभीची खिचडी खाल्ली. वाढायला आबा.

बांबू वाचला. कड्याच्या बाहेर आता एक कोंब येत न्हाई. आबांनी टेंभुर्णीला जायचं नावच काढलं न्हाई. रोज सकाळी काठी टेकत बेटाभवती फिरतात, एकेक बांबू ठोकून बघतात. परवा दोन चांगले जाडजूड, सरळसोट बांबू निवडून त्यांना सुतळी बांधली.

“ह्ये दोन माझे. तोडू नको.”

मी म्हणलं, “आबा, सकाळी सकाळी असं बोलू नका.”

“बरं, ऱ्हायलं.” ते कोपऱ्यात गेले आणि दोन बारके, वाकडे बांबू काठीनं हलवून बघितले. “आन ह्ये तुझ्यासाठी ठिवलेत. त्या रविवारपासून तुझ्या दारात कोन बी यायला तयार न्हाई. उचलायला मान्सं कमीच यतील, हलके बरे.”