शनिवारची सभा

मुलांनो, काटेवाडीहून आपल्याकडे दूध घालायला येणाऱ्या बाईंची मुलगी बारामतीला बारावी कॉमर्स करते. शनिवारी तिचा कॉम्प्युटरचा तास तीनला सुटे, एसटी पाचला. मधला वेळ ती माझ्याकडे बसायची. चिटणिसाच्या कामकाजाचा एक विषय तिला आहे. कंपनीची पत्रं, नोटिसा, इतिवृत्त हे सगळं ती इंग्रजीत लिही, मी तपासत असे. तुमचे आजोबा गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. मी शनिवारपासून शनिवारपर्यंत दिवस मोजू लागले.

सरावासाठी आम्ही दोघींची कंपनी काढली. मी अध्यक्ष, ती चिटणीस.

"आजी, दोघी असल्या की गणपूर्ती झाली. सभा सुरू. च्या ठेवा."

"आणि तू आली नाहीस तर?"

"अर्धा तास वाट बघायची, मग सभा तहकूब. फुडच्या आठवड्यात तोच वार, तीच वेळ, तीच जागा. तवा जेवढी हजर, तेवढीच गणपूर्ती."

"मी एकटीच असले तरी?"

"तुमी एकट्या चौघींना भारी हाय!"

एका शनिवारी तिनं वहीत जपून एक कागद आणला. कुणाला न विचारता टाइप केलेलं तिचं पहिलं पत्र, माझ्या नावानं. मी सवयीनं लाल पेन उचललं. स्पेलिंग, स्वल्पविराम, समास... पान लाल झालं. "समास दोन्हीकडे सारखा हवा," असंही वर म्हणाले. ती चहा अर्धा ठेवून लवकर निघाली.

सोमवारी दूध मापताना तिची आई म्हणाली, "काल आला न्हाय व्हय, बाई? पोळ्या केल्त्या. पोरगी दुपारपातूर थांब्यावर हुबी हुती."

ते पत्र मी आमच्या कंपनीच्या फाईलला लावून टाकलं होतं. फाईल काढली. लाल खुणांच्या मधून पत्र पहिल्यांदा वाचलं. रविवारी अध्यक्षांनी आमच्या घरी जेवायला यावं, मी एसटी थांब्यावर घ्यायला येईन, असं लिहिलं होतं. 'घ्यायला' यासाठी तिनं लिहिलेल्या 'रिसीव्ह'चं स्पेलिंग मी दुरुस्त केलं होतं.

तिच्या आईबरोबर दोनदा माफीचा निरोप धाडला. "तिचं तास वाढल्यात," एवढंच उत्तर आलं.

त्या शनिवारी साडेतीनपर्यंत वाट पाहिली आणि वहीत लिहिलं, गणपूर्तीअभावी सभा तहकूब. काल पुन्हा तीच वेळ, तीच जागा. मी एकटी हजर होते.

तुम्ही लहानपणी पाठवलेली पत्रंही मी अशीच दुरुस्त करून परत पाठवत असे. हळूहळू ती यायची थांबली. आता वाढदिवसाला फोनवर नुसता अंगठा येतो. तुम्हाला वेळ नसतो, असं मी शेजारी सांगत आले.

कालच्या सभेत एकच ठराव मांडला: यापुढे अध्यक्षांनी पत्र आधी शेवटपर्यंत वाचावं आणि लाल पेन कपाटात ठेवावं. सूचक मी. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. तुमच्यापैकी कुणीतरी दोन ओळी लिहून पाठवा. कशाही लिहा.