‘बघितलं’चं इंग्रजी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोकरीतले कितीतरी खून आणि दरोडे आता नीट आठवत नाहीत. तांब्याच्या तारेची एक चोरी मात्र विसरता येत नाही.

मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यातून सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, तारेची बंडलं टेम्पोत भरून नेली होती. फिर्याद द्यायला कारखान्याचा स्टोअर ऑफिसर स्वतः आला. सोबत गेटवरच्या वॉचमनचा, कारखान्यातच घेतलेला जबाब. इंग्रजीत टाइप केलेला, खाली वॉचमनची मराठीत सही. टेम्पो भरला जात असताना ‘आय वॉच्ड’, असं त्यात होतं. मी बी.ए. झालेला. ठाण्यातल्या रायटरला, म्हणजे लिखापढी करणाऱ्या हवालदाराला, मराठी मजकूर सांगितला, “माल भरताना मी लक्ष ठेवून उभा होतो.” म्हणजे चोरांसाठी पहारा. वॉचमनला अटक करून कोर्टाकडून चार दिवसांची कोठडी घेतली.

माणूस पन्नाशीचा, मेंढरं विकून नोकरीला लागलेला.

“कुणासाठी लक्ष ठेवत होतास?”

“लक्ष न्हाई ठिवलं साहेब. म्या बगितलं. स्टोअरचं साहेब सवता उभं राहून गाडी भरून घेत हुतं. दुसऱ्या दिशी मोठ्या साहेबांना सांगाया निघालो, तर ह्यांनीच मधी गाठून जबाब लिवून घेतला.”

“ज्यानं फिर्याद दिली त्याचंच नाव घेतोस?”

त्यानंतर मी जे केलं, त्याची नोंद स्टेशन डायरीत नाही. तीन दिवस तो एकच सांगत राहिला. “म्या बगितलं.”

तिसऱ्या दिवशी त्याची बायको भाकरी घेऊन आली. गावातल्या बिरोबाच्या देवळाच्या किल्ल्या त्यांच्या घरी असत. “काल गावची मानसं यून किल्ल्या घिऊन गेली,” एवढंच ती म्हणाली. रडली नाही.

त्याच दुपारी दौंडच्या खबऱ्याचा फोन आला. तिथल्या एका भंगारवाल्याकडे नवी कोरी तार उतरली होती. माल जप्त केला. भंगारवाल्यानं अर्ध्या तासात माल आणणाऱ्याचं नाव सांगितलं. तो स्टोअर ऑफिसरच होता.

त्याला आणून समोर बसवलं. हात लावायची वेळच आली नाही. पाणी मागितलं, प्यायला आणि बोलू लागला.

“वॉचमन ‘बघितलं’ म्हणाला. तुम्ही काय लिहिलंत?” मी विचारलं.

“‘सॉ’ लिहिलं असतं तर तो साक्षीदार झाला असता. ‘लुक्ड’ला तुम्ही काही केलंच नसतं. म्हणून ‘वॉच्ड’ लिहिलं.” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “पुढचं सगळं तुम्ही केलंत.”

कोर्टाला अहवाल देऊन वॉचमनला सोडलं. आता मी त्याला अहोजाहो करत होतो. “आप्पा, आमची चूक झाली. केसचे मुख्य साक्षीदार तुम्हीच.” त्यानं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. कारखान्यानं त्याला परत घेतलं नाही.

केस उभी राहिली तोवर भंगारवाला फितूर झाला होता. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. उरला वॉचमन. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या दुपारी काय बघितलंत?

“मला कायबी दिसलं न्हाई.”

आरोपी सुटला. मी कोर्टाच्या व्हरांड्यात वॉचमनला गाठलं. “आप्पा, असं का केलंत?”

“खरं येकदा सांगितलं हुतं साहेब,” तो चप्पल घालत म्हणाला. “तुमालाच.”

पुढे बदली झाली, बढतीही मिळाली. इंग्रजी कागद समोर आला की मी माणसाला त्याच्या शब्दांत पुन्हा बोलायला लावायचो. हाताखालचे लोक त्याला माझा काटेकोरपणा म्हणत. खरी गोष्ट निराळी आहे. ‘वॉच’चा साधा अर्थ, नुसतं बघत राहणं, मला त्या दिवशीही ठाऊक होता. त्यातला, संध्याकाळच्या आत अटक दाखवता येईल तो अर्थ मी निवडला.