मलाक्का दोन बोटं खाली

हे आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, बहिणीच्याही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तरी आत्ता माझं तोंड तुम्हाला दिसत नाहीये, तेवढा आडोसा मला पुरतो.

आमच्या पांढरकवड्यात अजून लोक म्हणतात की पाठक सरांच्या वाईट दिवसांत मी त्यांच्या पाठीशी उभी राहिले. पाठीशी होते, हे खरं आहे. तिथे उभं राहून मी काय केलं ते लोकांना ठाऊक नाही. पाठक हे त्यांचं खरं नाव नव्हे — एवढी लाज मला अजून शिल्लक आहे.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आंतरराष्ट्रीय राजकारणाचा पेपर होता आणि त्यात माझा जीव असलेला एक भाग होता, आशिया-प्रशांत. पोरं विचारायची, मॅडम, चीन आणि व्हिएतनाम समुद्रासाठी भांडतात, त्याचं आपल्याला काय? आपल्या जिल्ह्याला कुठे समुद्र आहे? मग मी सांगायचे की मलेशियाचं पाम तेल स्वस्त झालं की महागावच्या बाजारात सोयाबीनचं काय होतं. मुकुटबनकडचा कापूस सूत होऊन कुठल्या कुठल्या देशांत जातो, तेही सांगायचे. आणि शेवटी बाबांच्या दुकानाची गोष्ट सांगायचे.

माझ्या बाबांचं हैदराबाद रोडवर पंक्चरचं दुकान होतं. मी शाळेत असताना दुकानाजवळच्या पुलाचं काम निघालं आणि वर्षभर एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायचे. पुलाच्या तोंडाशी लाल आणि हिरवा झेंडा घेऊन एक मजूर उभा असे. मोठमोठे ट्रक, आमदाराची गाडी, कलेक्टरची गाडी, सगळे त्याच्या हाताकडे बघत थांबायचे. बाबा टायरवरून मान वर काढून म्हणायचे, "पाह्य पोरी, गाडी कितीबी मोठी असो. अरुंद जागी जो उभा हाये न, त्याचंच चालते."

मलाक्काची सामुद्रधुनी मी त्या झेंडेवाल्यावरून शिकवायचे. सिंगापूर एवढासा, तरी त्याचा रुबाब एवढा का? चीनला आपल्या तेलाच्या जहाजांची इतकी काळजी का? मोठ्या आरमारांचा डोळा त्या चिंचोळ्या पाण्यावर का? सगळं त्या एका पुलावरून. दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमध्ये बसून हा प्रदेश कसा दिसतो ते पुस्तकांत होतंच, मी तो आमच्या रस्त्याच्या कडेनं दाखवायचे. शेवटच्या बाकावरची पोरंही मान वर करायची.

पाठक सर माझ्याच विभागात, मला दोन वर्षं सीनियर. वडील तहसीलमध्ये, आजोबा वकील, घरात पुस्तकांनी भरलेली कपाटं. माझ्या घरात पाटी-पेन्सिल आली ती आजोबांनी दीक्षा घेतल्यावर. सर मला पुस्तकं द्यायचे, अडलं तर सांगायचे, हे नाकारून चालणार नाही. कधीकधी माझ्या तासाला मागे येऊन बसायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. मला बरं वाटायचं — हो, फार बरं वाटायचं. एकदा मी म्हटलं, सर, याचं पुस्तक करावं म्हणते. ते हसले. कुचेष्टेनं हसले असते तर सोसलं असतं, ते मायेनं हसले.

"तुम्ही बोलता झकास हो, मॅडम. पण पुस्तक म्हणजे वेगळी गोष्ट असते न!"

तीन वर्षांनी पुस्तक तयार झालं. त्यांचं. प्रुफं त्यांनी माझ्याच टेबलावर आणून ठेवली, तुमची नजर बारीक आहे म्हणाले, एकदा पाहून द्या. मी चौथं प्रकरण उघडलं. पूल, झेंडा, ट्रकांची रांग. माझा क्रम, माझी वाक्यं, वर्गात मी करायचे ते विनोदसुद्धा. आणि बाबा? बाबा एका ओळीत होते: 'महामार्गावरील एका पंक्चरवाल्याचे निरीक्षण येथे उद्बोधक ठरते.'

एक पंक्चरवाला! नाव नाही, गाव नाही, आणि त्याला मुलगी तर नाहीच नाही. पुढे आभाराची दोन पानं होती, त्यांत नातवापर्यंत सगळे आले होते. मी कुठेच नव्हते, प्रुफं वाचणारी म्हणूनसुद्धा नाही.

बाबांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मला राग आला, असं म्हणणं फार सभ्य होईल. त्या माणसाला मातीत लोळताना बघावं, असं मला वाटलं. भांडता आलं नसतं का? आलं असतं. पण मी दाखवणार काय होते — हवेत बोललेलं? लिहून घेतलेली वही तर त्यांच्या कपाटात होती.

त्याच प्रकरणात, एकशेबारा नंबरच्या पानावर, नकाशा होता. कुठल्या तरी परदेशी साइटवरून उचललेला. समुद्र बरोबर, बेटं बरोबर, पण वर भारताची उत्तरेकडची हद्द चुकलेली. काश्मीरचा वरचा भाग आणि अक्साई चीन आपल्या देशाबाहेर. आपल्याकडे असा नकाशा छापणं हा गुन्हा आहे, हे आमच्या विषयाच्या मास्तराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. सरांचं लक्ष सगळं समुद्राकडे, म्हणून सुटलं असेल.

आणि मी? मी तो बघितला का?

बघितला. नीट बघितला. हातात लाल पेन होतं. हद्दीशी नेलं, आणि तिथून काढून घेतलं. मग खाली मलाक्काचं नाव चुकून थेट थायलंडवर छापलेलं दिसलं. ते मात्र मला बघवेना. समासात लिहिलं, 'मलाक्का दोन बोटं खाली घ्या.' सवयीप्रमाणे खाली आद्याक्षर टाकलं आणि पान उलटलं. देशाची हद्द चुकली तर चुकू दे, माझा मलाक्का जागेवर पाहिजे होता. आहे ना गंमत?

इथवर नुसतं गप्प बसणं होतं. गप्प बसणाऱ्याला लोक समजून घेतात. पण मी गप्पही बसले नाही.

पुस्तकाचं प्रकाशन झालं, शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. मी वाट बघत होते. दोन महिने कुणाच्या काही लक्षात येईना — आमच्याकडे पुस्तक भेट घेतात, उघडतं कोण? मग वणीला परीक्षेच्या भरारी पथकात माझी ड्यूटी लागली. तिथे त्या पानाची झेरॉक्स काढली, हद्दीभोवती गोल केला आणि पांढरकवड्यातल्या एका तापट पुढाऱ्याच्या पत्त्यावर पाकीट टाकून दिलं. डाव्या हातानं लिहिलेली एक ओळ सोबत होती: 'कॉलेजात हेच शिकवतात का?'

कोण लिहीत होतं ते? वीस वर्षं पोरांना सांगणारी बाई — की नकाशावरची रेषा दाखवून माणसं पेटवता येतात, सावध राहा. चीन आपल्या नकाशावर नऊ तुटक रेषा मारतो आणि फिलिपिन्सच्या कोळ्याला आपली होडी कुठवर न्यावी ते कळेनासं होतं. रेष दिसली की तिच्या मागे कोण उभं आहे ते विचारा, असं मी फळ्यावर लिहून ठेवायचे. या रेषेमागे मी उभी होते, आणि माझ्याच पोरांनी ते विचारलं नाही.

चौथ्या दिवशी ती पोरं त्या पुढाऱ्याच्या मागून कॉलेजात आली. ग्रंथालयातल्या प्रती आवारात आणून टाकल्या. एक जण, माझाच जुना विद्यार्थी, स्टाफरूममध्ये शिरला, "मॅडम, तुमी तरी पाह्यलं काय हे? ह्यायनं तं देशाचं डोक्संच छाटून टाकलं!" मी मान हलवली. किती दुःखानं हलवली म्हणून सांगू!

पाठक सर व्हरांड्यात उभे होते, पांढऱ्या शर्टावर शाईचा हा मोठा डाग. मला मजा आली. खोटं कशाला बोलू? पोटातून थंड वाटलं. मी मनात म्हणत होते, एक पंक्चरवाला, एक पंक्चरवाला. समोर ढिगाला काडी लागली होती आणि त्यात चौथं प्रकरणही जळत होतं, म्हणजे पूल, झेंडा आणि बाबाही. ते मला त्या दिवशी सुचलंसुद्धा नाही.

कॉलेजनं तीन जणांची चौकशी समिती नेमली. विषयाची जाणकार म्हणून तिच्यात मी. पुस्तकात माझं नाव कुठेच नव्हतं, त्या अपमानानंच मला तिथे वाचवलं. सर समोर बसले, मांडीवर नाडी बांधलेली जाड फाइल. अध्यक्षांनी विचारलं, छापण्याआधी हे पान कुणी पाहिलं होतं? सरांनी नाडी सोडली. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं — मी पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. त्यांनी नाडी परत बांधली.

"मीच पाहिलं होतं. चूक माझी आहे."

मला वाटलं, घाबरला. प्रुफाचं पान हरवलं असेल. अहवालात 'अक्षम्य' हा शब्द होता. तो मी घातला.

ते प्राचार्य होणार होते, झाले नाहीत. हनोईच्या परिषदेचं तिकीट आलेलं होतं, ते रद्द झालं. पोलीस ठाण्याच्या चकरा झाल्या, त्यांच्या बायकोनं बाजारात जाणं सोडलं. विभागप्रमुख मी झाले. त्या दिवसांत मी त्यांच्या घरी डबा घेऊन जायचे, लोकांनी पाहिलं ते हेच. मी जायचे ते सर किती वाळले ते बघायला. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली आणि यवतमाळला मुलीकडे राहायला गेले.

माझं पुस्तक? ते कुठून होणार? एक ओळ जरी लिहिली असती तरी लोक म्हणाले असते, हे तर पाठकांचं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. समारंभाच्या तिसऱ्या दिवशी पोस्टानं पाकीट आलं, यवतमाळचा शिक्का. आत एकच कागद, पिवळा पडलेला, कडेला फाइलची दोन भोकं. पान एकशेबारा. लाल शाईत माझं अक्षर, 'मलाक्का दोन बोटं खाली घ्या', आणि खाली माझं आद्याक्षर. बाकी एक शब्द नाही.

म्हणजे त्या दिवशी फाइलमध्ये हा होता. नाडी सोडली तेव्हा हाच दिसला असणार.

पश्चात्ताप झाला, असं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. नंतर थोडा झालाही. पण आधी आला तो संताप. एका कागदानं मला संपवता आलं असतं, आणि या माणसानं नाडी बांधली! चोरीची लाज वाटली म्हणून? दया आली म्हणून? मला त्याची दया नको होती. मी सूड घेतला, पोट भरून घेतला, आणि आता कळतं की झेंडा त्याच्या हातात होता, त्यानं मला जाऊ दिलं. विचारायला यवतमाळ लांब नाही. मी गेलेले नाही.

नकाशा मी बघितला होता. पाकीट मी टाकलं होतं. 'अक्षम्य' माझाच. आणि ज्याच्या नावासाठी हे सगळं केलं असं मी स्वतःला सांगत आले, त्याचं नाव मीही आजवर कुठे लिहिलं नाही, इथेसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत नाही.

देवराव. पुलाजवळ दुकान होतं त्यांचं.