आरशातून बोलणारी ठकी

ठकी माझ्या ताईची मुलगी. हे काही तिचं खरं नाव नाही. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी जिथे ठेवाल तिथे बसून राहायची, म्हणून मीच ते चिकटवलं आणि ते इतकं घट्ट चिकटलं, की खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं. परवा कुणीतरी मला विचारलं, "तुमची भाची बोलते का हो?" मला हसूच आलं. बोलते का! कुणाकुणाला सांगायचं?

ताईचं आणि माझं पार्लर आहे. जागा बेताचीच. समोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, त्याच्यापुढे ओळीने खुर्च्या, मागे केस धुवायचं बेसिन आणि दाराशी वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. ठकी शाळकरी असल्यापासून संध्याकाळी तिथेच. आधी नुसते केस झाडायची, मग धुवायला लागली, मग ड्रायर हातात घेतला, आणि बघता बघता कानामागून आली अन् तिखट झाली. माझी नेहमीची गिऱ्हाइकं माझ्यादेखत म्हणायला लागली, "आज ठकी मोकळी आहे का?" ठकीचा हात हलका आहे हे खरं, पण त्यांना हवी असायची तिची बडबड. ओला केस ताणला तर का तुटतो, केस पांढरा होतो म्हणजे नक्की काय होतं, पावसाळी हवेत कुरळे केस का फुगतात. एखादी बाई नुसती "हो का?" म्हणाली तरी पुरे, हिची गाडी सुटलीच. मी म्हणायचे, "अगं, ती केस कापायला आलीय, परीक्षेला नाही बसलेली." पण ती बाई जाताना म्हणायची, "किती छान समजावून सांगते हो पोरगी!"

तेव्हा ठकीने शिक्षिका व्हायचं ठरवलं यात आम्हाला काही नवल वाटलं नाही. ताईला मात्र ते फारसं रुचलं नव्हतं. तिला वाटायचं, हाताशी चालता धंदा असताना पोरीने दुसऱ्याच्या दारात कशाला जावं. पण अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला तशी ती गप्प बसली. एवढंच म्हणाली, "एकही वर्ष वाया गेलं, तर कॉलेज बंद आणि इथे उभं राहायचं. कबूल?" ठकी म्हणाली, "कबूल." आपलं वर्ष कशाला वाया जाईल, असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

या कॉलेजात सराव तास म्हणून एक प्रकार असतो. शेजारच्या खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांपुढे, विद्यार्थिनीने उभं राहून एक धडा शिकवायचा. कॉलेजच्या मॅडम शेवटच्या बाकावर बसून सगळं बघतात आणि शेरा देतात. दोनदा संधी. दोन्ही वेळा जमलं नाही, तर ते वर्ष पुन्हा.

पहिल्या सराव तासाला ठकी आत गेली, टेबलाशी उभी राहिली, "मुलांनो" म्हणाली, आणि दातखीळ बसली. समोर वर्गभर चेहरे. सगळे हिच्याकडे बघतायत. पाठ केलेल्या धड्यातला एक शब्द आठवेना. मग काय केलं असेल या शहाणीने? खडू घेतला, फळ्याकडे तोंड केलं आणि सगळा धडा फळ्याला शिकवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता, उदाहरणं देऊन, अगदी मध्ये एक विनोदसुद्धा करून. पोरांना हिची वेणी तेवढी दिसली. मागच्या बाकांवर काहीच ऐकू गेलं नाही, तेव्हा त्यांनी आपापले उद्योग सुरू केले. मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, "धडा उत्तम होता. पण वर्ग इकडे होता." आणि नापास केलं.

हे सगळं ठकीने पार्लरमध्ये येऊन आडपडदा न ठेवता सांगितलं. सांगताना हसत होती. मग बेसिनचा नळ सोडून टॉवेल धुवायला लागली, ते बराच वेळ धुतच राहिली. मी जाऊन नळ बंद केला. तिचे डोळे लाल झाले होते. "मावशी, मला शिकवायचंय गं," म्हणाली. "मला सगळं येतं. नुसतं तोंड उघडत नाही." माझं काळीज पिळवटलं. पण मी वरवर म्हटलं, "तोंड उघडत नाही? कुणाचं? तुझं? हा विनोद चांगला आहे."

मग आमच्या गिऱ्हाइकांना कळलं आणि सल्ल्यांचा महापूर आला. कुणी सांगितलं, कोमट पाण्यात मध घालून पी. कुणी सांगितलं, समोर माणसंच नाहीत असं समज. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, भीती वाटली की अंगठा घट्ट दाबून धर. उचलली जीभ लावली टाळ्याला! ठकीने सगळं करून पाहिलं. घसा गोड झाला, अंगठा दुखायला लागला, भीती होती तिथेच राहिली.

खरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती अगदी साध्या प्रसंगात. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, आम्ही त्यांना पोस्टातल्या काकू म्हणतो. त्या ठकीच्या खुर्चीत बसल्या होत्या. ठकी मागे उभी राहून केस विंचरत, कात्री चालवत, साबणाचा फेस का होतो ते रंगात येऊन सांगत होती. काकू आरशातून तिच्याकडे बघत होत्या, ती आरशातून काकूंकडे. मग कपाळावरचे केस कापायची वेळ आली. त्यासाठी पुढे यावं लागतं. ठकी पुढे आली आणि वाक्याच्या मधोमध बंद पडली. अक्षरसुद्धा नाही. कपाळावरचे केस झाले, ती परत मागे गेली, आणि जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागली.

मी हातातला कंगवा खाली ठेवला. अरे, ही पोरगी जन्मभर माणसांच्या मागे उभं राहून बोलत आलीय! हिला माणूस आरशात दिसायची सवय. घरचे सोडले, तर खराखुरा, हातभर अंतरावर, सरळ हिच्या डोळ्यांत बघणारा माणूस हिने बोलण्यासाठी कधी वापरलेलाच नाही. आमच्या धंद्यात सगळ्यांचंच थोडंफार असं असतं. मीही बँकेत गेले की खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलताना काचेत बघते. पण मला काही वर्ग घ्यायचा नव्हता.

काकू गेल्यावर मी ठकीला सांगितलं. आधी तिने मानलंच नाही. मग दोन गिऱ्हाइकं स्वतःवर लक्ष ठेवून केली आणि येऊन खाली मान घालून म्हणाली, "हो गं. पुढे आले की जीभ टाळ्याला चिकटते."

"मग खुर्ची फिरवायची," मी म्हटलं.

आमच्या खुर्च्या फिरत्या आहेत. दुसऱ्या दिवसापासून ठकीच्या गिऱ्हाइकाने आरशाकडे पाठ करून बसायचं आणि ठकीने समोर उभं राहून बोलायचं, असा मी हुकूम काढला. पोस्टातल्या काकू एका पायावर तयार झाल्या. त्यांना बोलायला कुणीही आणि कुठल्याही बाजूने चालतं. बाकीच्या कुरकुरल्या. बाईमाणसाला आपल्या केसांचं काय चाललंय ते दिसलं नाही तर जीव थाऱ्यावर राहत नाही. एक जण तर अर्ध्यातच ओरडली, "अहो, मला बघू द्या! काय भादरताय का मला?" ताई माझ्यावर करवादली. "गिऱ्हाइकं पळवून लावशील तू. एवढं करून जमणार आहे का तिला? नसेल जमत तर नसेल जमत. इथे काय वाईट आहे?"

ताई काही दुष्ट नाही. पोरीला रडताना तिला बघवत नाही, म्हणून रडण्याचं कारणच काढून टाकावं असं तिला वाटतं. पण ठकी इथे राहिली असती तर हसत राहिली असती आणि आतून खंगत गेली असती. हे मला दिसत होतं, ताईला नव्हतं.

ठकी शिकली, पण रडतखडत. आधी समोर उभी राहून केसांकडे बघत बोलली. मग कपाळाकडे. मग एक दिवस पोस्टातल्या काकूंच्या डोळ्यांत बघून तिने पाणी उकळतं म्हणजे काय होतं ते पूर्ण सांगितलं, आणि काकूंनी टाळ्या वाजवल्या. पण ते एक तोंड झालं. वर्गात तोंडंच तोंडं. एवढ्या खुर्च्या मी कुठून आणणार होते?

दुसऱ्या सराव तासाचा दिवस आला. विषय होता, ओलं कापड वाळतं कसं. ठकीने आमच्याकडचे दोन नॅपकिन भिजवून पिशवीत घातले, एक घडी घालून दाखवायला आणि एक पसरून. ताईने डबा दिला आणि "होईल ते होईल" म्हणाली. मला काही सुचेना. त्या सकाळी मी एका बाईंच्या केसांचा रंग इतका गडद कालवला, की त्या आरशात बघून स्वतःलाच ओळखेनात.

दुपारी ठकी आली. तेव्हा पार्लरमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. चेहऱ्यावरून काही कळेना. बाकावर बसली, पाणी प्यायली आणि सांगायला लागली.

सुरुवात मागच्यासारखीच झाली होती. टेबलाशी उभी राहिली, "मुलांनो" म्हणाली आणि पुढचं सगळं गेलं. मॅडम शेवटच्या बाकावर. पोरं टकमक बघतायत. फळा मागे होता, पण फळ्याकडे वळायचं नाही हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. तोंड उघडत नव्हतं, पण पाय हलत होते. तेव्हा ती हातात ओले नॅपकिन घेऊन चालायला लागली, बाकांच्या मधून, थेट वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत. तिथून तिला सगळ्यांची डोकी मागून दिसली. कुणाचा भोवरा उजवीकडे, कुणाचा डावीकडे, कुणाचे केस घरीच कापलेले, वेडेवाकडे. आणि तिला कंठ फुटला. "हा नॅपकिन घडी घातलेला आहे आणि हा पसरलेला. आधी कुठला वाळेल?"

आवाज मागून आला म्हटल्यावर पोरं मागे वळणारच. सगळी वळली. पुन्हा तीच तोंडं! सगळ्यात जवळ, शेवटच्या बाकावर, दोन वेण्यांची एक मुलगी होती, ती तर मान पार उलटी करून बघत होती. ठकीने काय केलं? जे आम्ही दिवसभर करतो तेच. गिऱ्हाइकाने मान वळवली की दोन्ही तळहात कानांशी ठेवायचे आणि डोकं अलगद सरळ करायचं. बोलायचंही नाही, हात आपोआप जातात. ठकीने ओल्या हातांनी त्या मुलीचं डोकं धरलं, सरळ केलं आणि म्हणाली, "समोर बघा."

"ओल्या हातांनी?" ताई म्हणाली. "मॅडमदेखत?"

"मॅडम त्याच बाकावर होत्या. माझ्या कोपराशी."

वर्ग खो-खो हसला. ती मुलगीही हसली, कान पुसत. पण पोरं गुणी. बाई म्हणाल्या समोर बघा, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या आणि ती समोर बघायला लागली. आणि ठकी तिथून चालत परत पुढे गेली, टेबलापुढे उभी राहिली, सगळ्यांकडे तोंड करून, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आवाज कापत होता म्हणाली. एका पोराने छातीठोकपणे उत्तर दिलं, घडी घातलेला आधी वाळेल, कारण तो लहान आहे. मग त्याला समजावण्याच्या नादात आवाज कापायचा राहून गेला. घंटा झाली तरी पोरं विचारत होती.

"आणि मॅडम?" मी विचारलं.

"मॅडमनी पास केलं. शेरा दिला, विद्यार्थ्यांच्या डोक्यांना हात लावू नये."

ताई खुर्चीवर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं होतं हिरमुसेल, पण ती हसत होती आणि रडतही होती. माझं काही वेगळं नव्हतं. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. तरी एक गोष्ट मला कळत नव्हती, आणि विचारल्याशिवाय मला राहवत नाही. वर्गाच्या मागे उभं राहून इतकं छान जमलं होतं. पोरांच्या पाठी हिच्याकडे होत्या, तोंड सुटलं होतं, तास तिथूनच पार पडला असता. मग ही पुन्हा त्या सगळ्या तोंडांपुढे गेलीच कशी?

"अगं, भीती नाही वाटली का?" मी विचारलं.

"खूप वाटली," ठकी म्हणाली. "पण मावशी, मी त्यांना समोर बघा म्हटलं, आणि सगळी पोरं बिचारी समोर बघत बसली. समोर कुणीच नव्हतं."